सर्जेराव तात्यांचा घसा आणि इतरांची अक्कल

अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे "व्यवसायातले रंजक अनुभव" मागितले आहेत. मी बारामतीत कान-नाक-घशाची डॉक्टर होते. पोरांच्या नाकातले चिंचोके, म्हाताऱ्यांच्या कानातला मळ आणि बाकी सगळ्यांच्या घशातला कफ यांत माझी उमेदीची वर्षं गेली. यात रंजक काय आहे ते संपादकांनी स्वतःच्या नाकात एक चिंचोका घालून बघावं. तरीही लिहायला बसले आहे, कारण घशाबद्दलचं अज्ञान मी दवाखाना बंद केला तेव्हा होतं तसंच आजही ठणठणीत आहे. आणि ते फक्त पेशंटांचं नाही.

दवाखाना थाटला तेव्हा नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पेशंट आत येऊन खुर्चीत बसायचा, माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "मोठं डॉक्टर कवा येत्याल?"

"मीच डॉक्टर."

"ते झालं. पर घशाचं?"

"घशाचीच."

मग तो भिंतीवरच्या पदवीकडे बघे, पुन्हा माझ्याकडे बघे आणि उदार मनाने म्हणे, "बरं, आलोच हाय तर बघा."

इंदापूरच्या एका बागाईतदाराने तर कमाल केली. त्याला स्वतः यायला सवड नव्हती म्हणून त्याने धाकट्या भावाला पाठवलं. भावाला काहीच होत नव्हतं. "आमा दोघांचा घसा सारखाच हाय," भाऊ म्हणाला. "माझा बघा आन दादाला गोळ्या द्या." मी त्याला हाकलून दिलं. बाईंना पेशंट तपासायचा कंटाळा आहे, असं त्याने बाहेर जाऊन सांगितलं.

घसा बघणं म्हणजे 'आ' करायला लावून बॅटरी मारणं, असं समजणारे डॉक्टर मी ढिगाने पाहिले. 'आ' केल्यावर दिसतो तो घशाचा उंबरा. आवाजाची पेटी त्याच्या बरीच खाली, जिभेच्या मुळामागे असते. ती बघायला आमच्याकडे लांब दांडीचा छोटा गोल आरसा असे. तो स्पिरिटच्या दिव्यावर जरा गरम करायचा, नाहीतर पेशंटच्या श्वासाने धुरकट होतो. फार तापला नाही ना, हे आधी आपल्या हाताला लावून बघायचं. मग पेशंटची जीभ कापडात धरून बाहेर ओढायची, आरसा पडजिभेला टेकवायचा आणि "ईऽऽ म्हणा" म्हणायचं. बहुतेकांना उमासा येतो. मग पुन्हा पहिल्यापासून. एवढं केल्यावर क्षणभर ती पेटी दिसते, आणि त्या क्षणात काय ते ओळखायचं. पेशंटच्या लेखी मात्र यातलं काहीच उपचारात बसत नसे. सुई टोचली नाही म्हणजे बाईंनी काही केलंच नाही.

सर्जेराव तात्या माझ्याकडे आले ते अशा सगळ्या सुया टोचून घेऊन. ते सणसरचे. तरुणपणी पैलवान, नंतर उसाचे शेतकरी. पण बारामती-इंदापूरच्या गावोगाव लोक त्यांना ओळखत ते आवाजामुळे. जत्रेतल्या कुस्त्यांना हलगीशेजारी माईक घेऊन बसलेला एक निवेदक असतो. कुणाची जोड कुणाशी, कोण कुठल्या तालमीचा, इनाम कुणाचं, फेटा कुणाला, हे तो दुपारपासून दिवस मावळेपर्यंत सांगतो आणि वर कुस्तीही समजावतो. तात्या या कामात राजा होते. पैलवानाने ढाक हा डाव लावायच्या आधी तात्या 'ढाक' म्हणत आणि मग त्या पैलवानाला ती लावावीच लागे, असं लोक कौतुकाने सांगत.

माझ्यासमोर हा राजा गप्प बसून नुसता खाकरत होता. बोलत होत्या त्यांच्या बायको, शालनकाकू.

"सकाळी उठलं की आवाज बसल्याला असतोय. दिसभर खाकरत्यात. आडवं झालं की ढास लागती. आन घशात कायतरी अडाकलंय म्हणत्यात. गिळलं तर जात न्हाय, थुकलं तर येत न्हाय."

हे दीड-दोन वर्षं चाललं होतं. गावातल्या डॉक्टरने दर महिन्याला इंजेक्शनं दिली होती. दुसऱ्याने धुळीची ॲलर्जी सांगून, जन्मभर लाल मातीत लोळलेल्या माणसाला धुळीपासून लांब राहायला सांगितलं. तिसऱ्याने टॉन्सिल काढायचा सल्ला दिला. एका जाणत्याने विरोधी पार्टीच्या निवेदकाने आवाज बांधून टाकल्याचं ओळखलं आणि लिंबू उतरवलं. माझ्या मते या चौघांत त्यातल्या त्यात निरुपद्रवी लिंबूवालाच होता.

आरसा बघून तात्या मागे सरले. "बाईमानसानं जीभ धरायची?" त्यांनी घोगऱ्या आवाजात बायकोला विचारलं.

काकू म्हणाल्या, "कुस्तीच्या फडात गडी लंगोट धरत्यात त्ये चालतं, आन डॉक्टरनं जीभ धरल्याली चालत न्हाय? आ करा गप!"

तात्यांनी आ केला. एक नवल झालं: आरसा पार आत गेला तरी त्यांना उमासा आला नाही. असा पेशंट क्वचित मिळतो. मी खूश होऊन तसं बोललेही. "पैलवान हाय मी," तात्या म्हणाले. मीही ते खरं मानलं.

आत कुठेही गाठ नव्हती, चट्टा नव्हता. दोन्ही स्वरतंतू नीट हलत होते. पण पेटीचा मागचा भाग, जिथून अन्ननलिका सुरू होते त्याला लागून असलेला, लालभडक आणि सुजलेला होता. पुढचा भाग बरा आणि मागचा तेवढा भाजल्यासारखा. हे ॲसिडचं काम असतं.

बाहेरच्या माणसासाठी सोपं करून सांगते. पोटातलं ॲसिड पोटाला सोसतं, कारण पोटाला आतून अस्तर असतं. अन्ननलिकेला थोडंफार सोसतं. घशाला अजिबात सोसत नाही. काही लोकांचं ॲसिड अन्ननलिकेत न रेंगाळता घोटभर सरळ घशापर्यंत येतं, आडवं झाल्यावर नाहीतर वाकल्यावर. छातीत जळजळ होत नाही, आंबट ढेकर येत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. घसा सुजतो, कफ धरतो, माणूस खाकरतो, खाकरून आणखी सुजतो. याला 'सायलेंट रिफ्लक्स' म्हणतात, म्हणजे मुका आजार. आपल्याकडे बोंब मारल्याशिवाय कुणाला आजारी समजत नाहीत, तिथे या आजाराला कोण विचारतो?

"तात्या, छातीत जळजळतं?"

"न्हाय."

"आंबट पाणी वर येतं? उलट्या होतात?"

"बाई, माझं पोट लोखंडाचं हाय. दगूड खाल्ला तरी जिरतोय."

मी ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, तंबाखू बंद केली, रात्रीचं जेवण दिवेलागणीला करायला सांगितलं आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवायला सांगितल्या. विटा एका रात्रीत निघाल्या. डोक्याकडून उचललेली खाट बघून शेजारच्या म्हातारीने मढ्याची ताटी बांधल्यागत दिसतंय म्हणून रडायला सुरुवात केली होती. काकूंना दम देऊन मी त्या परत ठेवायला लावल्या.

फरक पडला नाही. महिन्याने आरसा घातला, तर लाली तशीच, उलट जरा जास्त. पुण्याला पाठवून दुर्बिणीने अन्ननलिका आणि पोट बघून घेतलं. सगळं स्वच्छ निघालं. या आजारात तसं निघू शकतं, हे मी घसा सुकेपर्यंत सांगितलं. पण 'स्वच्छ' हा शब्द एकदा कानावर पडला आणि तात्यांच्या घरात माझी किंमत संपली.

मग त्यांना कुणीतरी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मोठे डॉक्टर म्हणजे बारामतीतले तेव्हाचे नामांकित फिजिशियन. नाव घेत नाही. उद्या त्यांच्या नावाचा चौक झाला तर पंचाईत नको. त्यांनी घशात आरसा घातला नाही, कारण तो त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी बाहेरून गळा दाबला, तंबाखू खाता का विचारलं आणि सांगितलं, "कॅन्सर दिसतोय. तुकडा काढून तपासावा लागेल. वेळ आली तर गळ्याला भोक पाडून नळी बसवायची." आणि ताकदीसाठी एक टॉनिक लिहून दिलं.

मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी मला चहा पाजला. "मॅडम, पोटाचा डॉक्टर मी, पोट स्वच्छ निघालं पुण्याला, आणि ॲसिड तुम्हाला घशात दिसतं?" ते हसले, समोर बसलेला औषध कंपनीचा माणूसही हसला. जळजळीवाचून ॲसिड म्हणजे धुरावाचून आग, असंही ते म्हणाले. धुरावाचून आग लागते हे त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या गॅसकडे बघून कळलं असतं, पण स्वयंपाकघरात ते कधी गेले असतील असं वाटत नाही.

चहा पिऊन बाहेर पडले, पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते. तंबाखू खाणारा माणूस, दीड-दोन वर्षं बसलेला आवाज, औषधाला दाद नाही. चुकत असेन तर मी त्याला मरणाच्या दारात औषधाच्या गोळ्या देत बसले होते. मी तात्यांना निरोप पाठवला: निमगावच्या जत्रेच्या आत फरक पडला नाही तर मी स्वतः पुण्याला घेऊन जाईन, भूल देऊन नीट तपासू, लागला तर तुकडाही काढू.

तात्या आलेच नाहीत. आल्या एकट्या शालनकाकू, पदराने नाक पुसत.

"त्येंच्या वस्तादाच्या गळ्याला भोक पाडलं हुतं," त्या म्हणाल्या. "शेवटी मानूस पाटीवर लिवून पानी मागायचा. ह्येनी डोळ्यानं बघितलंय. म्हनत्यात, तुकडा काढायचा न्हाय, पुन्याला जायाचं न्हाय, हाय तसा मरतो. निमगावच्या कमिटीला सांगून आलं, यंदा माईक दुसऱ्याला द्या. आता घरातबी बोलत न्हाईत, बाई. हातानं खुणा करत्यात. तुमी या की एकडाव."

निमगाव केतकीच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान म्हणजे तात्यांचा सगळ्यात मोठा मान. तो त्यांनी स्वतःहून सोडला होता. पुढच्या रविवारी मला बावड्याला आईकडे जायचंच होतं. सणसर वाटेवरच. सकाळी लवकर निघाले आणि उजाडता उजाडता तात्यांच्या दारात उभी राहिले.

आणि मला तो आवाज ऐकू आला. घराच्या मागून, न्हाणीच्या दगडाकडून. ओऽऽक! ओऽऽक! पोटातून आतडी पिळवटून निघावीत असा. त्याला शेजारच्या घरातून साथ मिळाली, मग पलीकडच्या आळीतून. अख्खं गाव पहाटे पहाटे ओकत होतं आणि कुणाच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. एक आजोबा तर मधेच थांबून, मला रामराम घालून पुन्हा सुरू झाले.

"हे काय चाललंय?" मी काकूंना विचारलं.

"त्ये व्हय? त्ये रोजचंच," काकू चुलीवर चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "पित्त पाडत्यात."

मी मागे गेले. तात्या उकिडवे बसले होते. शेजारी मिठाच्या कोमट पाण्याचा तांब्या रिकामा झालेला, उजव्या हाताची दोन बोटं पार घशात. मला बघून त्यांनी बोटं बाहेर काढली, चूळ भरली, तांबारलेले डोळे पुसले आणि ओशाळून उभे राहिले. ओशाळले ते उघड्या अंगाने असल्यामुळे, ओकल्यामुळे नाही.

"कधीपासून करता हे?"

बोलायचं नाही हे ते विसरले. "तालमीत जायला लागल्यापासनं. पित्त पाडल्याबिगार वस्ताद लंगोट बांधू देत नव्हता." मग अभिमानाने म्हणाले, "एक दिस खाडा न्हाय. म्हनून तर पोट लोखंडाचं राहिलं. आन घसा बसल्यापासनं तर दोनदा करतो. सांजच्यालाबी."

जे औषध मी गोळ्यांनी पोटात घालत होते, त्याच्या वरचढ कारभार हा माणूस रोज दोन वेळा बोटांनी करत होता. पोटातलं सगळं ॲसिड घशावरून ओढून काढायचं आणि घसा दुखतो म्हणून पुन्हा काढायचं! छातीत साचलेलं काही राहतच नव्हतं, मग जळजळेल काय? आरशाने उमासा का आला नाही, तेही आता कळलं. ज्या घशाला रोज दोन बोटांची सवय, त्याला माझ्या आरशाचं काय कौतुक?

"तुम्ही मला हे का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच. "मी विचारलं होतं ना?"

"तुमी आजाराचं इचारलं," तात्या म्हणाले. "ह्यो काय आजार हाय का? ह्यो नेम हाय. दात घासतो त्येबी सांगायचं व्हय डॉक्टरला?"

यावर मी शिव्या घातल्या. मी चांगल्या घरातली, शिकलेली बाई आहे, पण त्या सकाळी सणसरच्या न्हाणीपाशी जे बोलले ते या अंकात छापता येणार नाही. शेजारपाजारच्या ओकाऱ्या थांबल्या आणि भिंतीवरून डोकी वर आली.

सगळं ओरडून झाल्यावर मी विचारलं, "तात्या, आखाड्याच्या मातीत तुम्ही काय घालता?"

"तेल, ताक, हळद, लिंबू."

"रोज दोनदा बॅटरीतलं ॲसिड घातलं तर?"

"करपून जाईल की माती! कोन घालतंय..." ते थांबले. रिकामा तांब्या त्यांनी पायाने लांब सारला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हंजे कॅन्सर न्हाय?"

"मला तसं वाटत नाही. पण तुम्ही हे बंद करून गोळ्या घेतल्या आणि तरी उतरलं नाही, तर पुण्याला यायचं. पैलवान आहात, शब्द द्या."

त्यांनी दिला. वस्तादाचा नेम मोडायचा म्हणून देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याचा जीव वाचतोय की नेम मोडतोय, कशाला रडावं, हे काकूंना कळत नव्हतं, म्हणून त्या दोन्हीसाठी रडल्या. मला चहा मिळाला तो उकळून उकळून काढा झालेला.

पुढे ते लगेच बरे झाले असं लिहिलं तर वाचकांना आवडेल, पण घसा वाचकांच्या सोयीने चालत नाही. पहिले काही दिवस तात्यांचं तोंड कडू झालं, डोकं धरलं, पित्त डोक्यात चढून वेड लागणार अशी गावाची खात्री झाली. भावकीतले लोक रोज येऊन एकदा तरी पाडून घ्या म्हणून आग्रह करत. काकू सकाळी न्हाणीच्या दगडावर स्वतःच जाऊन बसत, उठतच नसत. हळूहळू खाकरणं कमी झालं. ढास थांबली. आरशात लाली उतरताना दिसू लागली, आणि आता आरसा घातला की तात्यांना चांगला सणसणीत उमासा यायला लागला. मला त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी माझ्या ॲप्रनवर ओकलं तरी मी काही बोलले नाही. जत्रा जवळ आली तेव्हा घसा जवळपास फिका पडला होता. निमगावची कमिटी माईकचं आवतण घेऊन परत आली. थोडा वेळच बोलायचं, मधेमधे पाणी प्यायचं, या अटीवर मी परवानगी दिली. एवढं करून मोठे डॉक्टर गावभर सांगत होते की त्यांचं टॉनिक लागू पडलं.

जत्रेला मी निमगावला मावशीकडे गेले होते. कुस्त्यांच्या मैदानात बायका जात नाहीत. पण झाडांना बांधलेले कर्णे चारी दिशांना तोंडं करून असतात, त्यामुळे आमच्या वस्तीवरही शब्द न् शब्द येत होता. मावशीच्या दारात बसून मी तात्यांना ऐकत होते. पट्टी जरा खाली आली होती, पण आवाज मोकळा होता, मातीवर पाणी शिंपडल्यावर येते तशी त्याला ओल होती. लोक हसत होते, टाळ्या पिटत होते. मी मात्र कुठे फाटतोय का एवढंच ऐकत होते.

मोठी कुस्ती लागायच्या आधी कमिटीच्या अध्यक्षांनी माईक घेतला. "आपल्या सर्जेराव तात्यांचा आवाज ज्यांनी परत आणला..." आणि मोठ्या डॉक्टरांचं नाव आलं. फेटा, नारळ, हलगी. मग मोठे डॉक्टर स्वतः बोलले, वेळेवर आणि अचूक निदानाचं महत्त्व, बराच वेळ. मावशीने माझ्याकडे बघितलं. मी चहाचा कप खाली ठेवला. संताप आला, पण नवल वाटलं नाही.

"आता पुढचं सर्जेराव तात्या सांगत्याल," अध्यक्ष म्हणाले.

कर्ण्यातून काहीच आलं नाही. हलगी एकदा वाजून थांबली. माणसांची कुजबुज ऐकू यायला लागली, आणि तरी काही नाही. मी ताडकन उभी राहिले. गेला. आवाज गेला. मीच परवानगी दिली आणि भर मैदानात गेला.

"आवाज ग्येला न्हाय, मंडळी," कर्ण्यातून तात्या म्हणाले. "मुद्दाम थांबलो. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या गळ्याला भोक पाडायचं सांगितलं हुतं, त्येंचा फेटा झाला. कमिटीचा मान हाय, मी मधी बोलनार न्हाय. पर माझी जीभ ज्यांनी हातात धरली, माझ्या दारात यिऊन मला श्या घातल्या आन ह्यो घसा परत दिला, त्येंचं नाव हितं कुनी घ्येतलं न्हाय. त्ये मी घ्येतो."

मावशी उठून उभी राहिली.

"डॉक्टर वत्सलाऽऽ कांबळेऽऽ! गाव बावडाऽऽ!"

माझं आडनाव ऐकून दवाखान्याच्या पायरीवरून मागे फिरलेले पेशंट मला माहीत आहेत. या भागात ते आडनाव विचारतानाही आणि सांगतानाही लोक आवाज खाली आणत. तात्यांनी ते शेवटच्या जोडीतल्या पैलवानाचं घेतात तसं, अक्षर लांबवत, चारी कर्ण्यांतून दोनदा घेतलं. मग हलगी कडाडली आणि कुस्ती लागली.

मावशी भिंतीला धरून उभी होती.

"वत्सी," ती म्हणाली, "आपल्यातल्या बाईचं नाव त्या कर्ण्यातनं पैल्यांदाच आलं बग."